आप्पांनी उतरवलेली मोळी

किनवटच्या जंगलातून जाणारी एसटी वनपाल आप्पा हात दाखवून थांबवत, पण स्वतः तिच्यात चढत नसत. रस्त्याच्या कडेला सागाची फांदी पडलेली असली की कंडक्टरला सांगत, "चार माणसं खाली उतरवा. ही आत वढायचीय." एकदा त्यांनी वऱ्हाडाची गाडीच अडवली. नवरदेवानेही बाशिंग सावरत फांदीला हात लावला. मी तेव्हा वीजखात्यात वायरमन होतो. तारेखालचं रान मोकळं ठेवणं माझ्याकडे, रस्त्याकडचं त्यांच्याकडे. तशी आमची गाठ पडली.

आप्पा उदगीरचे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आवाज खर्जातला. जंगलाचा एखादा तुकडा तोडीला दिला की लाकूड ठेकेदार नेई. मागे राहिलेले शेंडे, फांद्या, साली मात्र उन्हाळा तापायच्या आत रस्त्यापासून आणि तारेखालून दूर ओढून टाकायच्या, असा नियम होता. सगळ्यांना ती कटकट वाटे. आप्पा म्हणत, "वणवा लागला की माणूस रस्त्याकडं पळतंय. पळायच्या वाटंवर सरण रचून ठिवायचं व्हय?"

ते साल दुष्काळाचं होतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि तिथल्या नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती. आप्पांनी बदली मागितली होती. उदगीरला त्यांची बायको दम्याने बेजार, त्यात पाण्यासाठी वणवण. "तिचा कागद आला की लई आत तुटतंय," एवढंच ते कधीतरी बोलत.

ठेकेदार लाकूड घेऊन मोकळा झाला आणि ढीग तसेच राहिले. मजूर सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले. वनखात्याच्या साहेबांकडे मागूनही माणसं मिळाली नाहीत, तेव्हा आप्पा गावातल्या लच्छमाबाईकडे गेले. काटक, फटकळ बाई. तिच्या शब्दावर दहा बायका निघत.

"कडंचं सरपण उचला, घरी न्या. मला रस्ता मोकळा पायजे," आप्पा म्हणाले.

"आज न्या म्हनताव, उद्या चोर म्हनताल."

"म्या हाय न्हवं?"

त्या शब्दावर बायका आल्या. नाल्याच्या पुलापर्यंतचा रस्ता त्यांनी झाडून काढल्यासारखा केला. पुढचं काम चालू असताना साहेबांची जीप आली. मी खांबावर होतो. खालचं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

"फुकट लाकूड नेणं ही चोरी आहे," साहेब म्हणाले. "मोळ्या उतरवा. उचलल्या तिथंच टाका."

"साहेब, रस्ता मोकळा करायचा बी नियमच हाय."

"आप्पा, तुमच्या बदलीचा कागद माझ्या टेबलावर आहे."

आप्पा पुढे झाले, लच्छमाबाईच्या डोक्यावरची मोळी स्वतःच्या हातांनी उतरवली आणि कडेच्या ढिगावर टाकली. ती एवढंच म्हणाली, "म्हनलं न्हवतं?"

मोहाची फुलं पडायच्या दिवसांत, भर दुपारी डोंगराच्या अंगाने वणवा उतरला. वारा सुटलेला. मी तारेचा पुरवठा तोडायला धावलो, आप्पा रस्त्याकडे. फुलं वेचणाऱ्या बायका रस्त्यावर येत होत्या. पुलाच्या अलीकडे निघाल्या त्या सगळ्या वाचल्या. लच्छमाबाई एकटी पलीकडे निघाली, आणि तिथले दोन्ही कडांचे ढीग पेटले. आम्ही पोचलो तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध पडली होती, पदर डोक्यावरून ओढून घेतलेला. आप्पा तापलेल्या डांबरावर तिच्याजवळ बसून राहिले. मी त्यांना काखेत धरून उठवलं.

चौकशीत आम्हा दोघांना बोलावलं. फुलं वेचायला जागा साफ व्हावी म्हणून बाईनेच मोहाखालचा पाला पेटवला, असं लिहून द्यायला साहेबांनी आप्पांना सांगितलं.

"आग कुणी लावली, मला ठावं न्हाई," आप्पा म्हणाले. "ढीग ऱ्हायला कशानं, त्ये ठावं हाय. तिच्या डोईवरची मोळी म्या उतरवून कडंला टाकली. त्ये लिवा."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या. मेल्या बाईवर आळ घेनार न्हाई."

बाईवरचा आळ टळला. पण आगीचं कारण अज्ञात ठरलं आणि ढिगांचा उल्लेखच झाला नाही. नोकरीही गेली नाही. थोड्याच दिवसांत आप्पांची लातूरची बदली मंजूर झाली.

स्टेशनवर पोचवायला मी गेलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आप्पा, घराजवळ चाललात. बरं झालं."

"शिक्षा सुदिक दिली न्हाई रे त्यांनी," ते म्हणाले. पुढे लातूरलाच, नोकरीत असतानाच ते वारले. ही आमची शेवटची भेट.

गाडी आली. पायरीवर चढून ते वळले. "काल तिच्या नवऱ्याकडं गेलतो. म्हनलं, मार मला. त्यो आत गेला. मला वाटलं, काठी आनतंय. तांब्याभर पानी घिऊन आला."

त्या उन्हाळ्यात त्या गावात तांब्याभर पाणी म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"प्यालात?" मी विचारलं.

"प्यालो," आप्पा म्हणाले. "त्यानं दिल्यावर न्हाई कसं म्हनू?"