थोरल्या जावयांची प्रदक्षिणा

माझ्या साडूंइतका हट्टी माणूस साऱ्या आखातात नसेल, आणि असलाच तर त्याचं आणि यांचं एकदा तरी कडाक्याचं भांडण झालेलं असणार. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. नाशिकला सासुरवाडीत ते थोरले जावई आणि मी धाकटा, म्हणून मी त्यांना ‘थोरले’ म्हणतो आणि ते मला ‘धाकटे’. दोह्याला आधी ते आले, मग त्यांच्याच शब्दावर मला नोकरी लागली, आणि ते उपकार मी पुढे वर्षानुवर्षं अंगावर काढले. थोरल्यांना जगात एकाच गोष्टीचा तिटकारा होता, तो म्हणजे अर्धवटपणा. पाहुण्याने अर्धा कप चहा ठेवला तर ते त्याला उठू देत नसत. सुरू केलेला सिनेमा कितीही भिकार निघाला तरी शेवटची पाटी येईपर्यंत आम्हा सगळ्यांना बसावं लागे. एका शुक्रवारी मी त्यांच्या घरी पेपरातलं शब्दकोडं अपुरं ठेवून आलो, तर तासाभरात फोन. “धाकटे, आडवा सतरा राहिलाय. या.” मी म्हटलं, तुम्हीच भरा की. “तुम्ही सुरू केलंय, तुम्हीच संपवायचं.” आणि मी भर उन्हात गाडी काढून एक शब्द भरायला गेलो! ‘अर्धवट’ ही त्यांच्या कोशातली सगळ्यात जहाल शिवी होती, आणि ती बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला यायची.

त्या काळी दोह्यात सिग्नल कमी आणि राउंडअबाउट उदंड. दर चौकात मधोमध काहीतरी उभं केलेलं, कुठे हरीण, कुठे भलामोठा कॉफीचा जग. इथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, त्यामुळे वळसा घालताना मधली वस्तू कायम डाव्या हाताला राहते. कोणाच्या डोक्यातही येणार नाही अशी ही गोष्ट थोरल्यांना रोज छळायची. “देव उजव्या हाताला हवा. इथे दिवसभर उलट्या प्रदक्षिणा घालतोय आपण!” “अहो, तो देव नाही, कॉफीचा जग आहे,” मी म्हणायचो. “म्हणून काय झालं? प्रदक्षिणेला काही शिस्त?” मागच्या सीटवरून त्यांची मुलगी वैतागून सांगायची, “बाबा, इट्स जस्ट अ राउंडअबाउट!” प्लँटवर जाता-येता असे अकरा वळसे पडत. ते फिटावेत म्हणून संध्याकाळी घरासमोर जीप लावली की हे गृहस्थ तिच्याभोवती उजव्या अंगाने अकरा फेऱ्या घालत. बिल्डिंगच्या वॉचमनला वाटे, साहेबांना टायरची काळजी आहे. एकदा बिचारा हवा भरायचा पंप घेऊन आला. थोरल्यांनी फेरी न थांबवता “शुक्रन” म्हणून त्याचे आभार मानले आणि नववी पूर्ण केली.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराला दाताच्या डॉक्टरकडे एका जुन्या मासिकात त्यांनी त्या तळ्याबद्दल वाचलं. दक्षिण अमेरिकेत, बारा हजार फुटांहून उंच, डोंगरांच्या मधे समुद्राएवढं तळं. त्यात एका बेटावर सूर्य जन्मला असं तिथले लोक मानतात, आणि शेजारी एक चंद्राचं बेट. लांब निमुळत्या होड्यांत, म्हणजे कायाकमध्ये बसून चार दिवसांत दोन्ही बेटांना वळसा घालता येतो. थोरले दात न दाखवताच घरी आले. “सूर्याला सात प्रदक्षिणा, देवीला एक, शंकराला अर्धी. चंद्र तिकडे देवी आहे, म्हणजे आठ झाल्या,” त्यांनी मला फोनवर हिशेब सांगितला. “लीव्ह टाका.” मी साफ नाही म्हणालो. मग ताईंचा, म्हणजे मेहुणीबाईंचा फोन आला. “त्यांना एकटं सोडू नका हो. पन्नाशी उलटलीय. एवढ्या उंचीवर दम लागला तर कोण बघेल?” यावर नाही म्हणायची सोय नव्हती. थोरल्यांना सांभाळायला म्हणून मी निघालो, हे इथे ठळक सांगून ठेवतो.

सरावासाठी त्यांनी होडी विकत घेतली नाही. इंडस्ट्रियल एरियात पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका फायबरच्या कारखान्यात ती करवून घेतली. तिथल्या मल्याळी फोरमनने आयुष्यात टाकीशिवाय काही केलेलं नव्हतं, त्यामुळे तिला ओव्हरफ्लोचं भोकसुद्धा होतं. ही दोघांची टाकी जीपवर बांधून आम्ही दर शुक्रवारी अल खोरच्या खाडीत जायचो आणि तिवरांच्या एका बेटाला उजवा वळसा घालायचो. एकदा मधेच ओहोटी लागली आणि टाकी चिखलात बसली. शहाणा माणूस मागे फिरला असता. “तीन चतुर्थांश झालीय,” थोरले म्हणाले, आणि आम्ही गुडघाभर चिखलातून ती ओढत उरलेली प्रदक्षिणा पायी केली. माझी एक चप्पल त्या बेटाला वाहिली गेली.

शेवटी पोहोचलो. तिथल्या वाटाड्याला त्याच्या भाषेशिवाय थोडं स्पॅनिश यायचं आणि आम्हाला दोन्ही येत नव्हतं. थोरले त्याच्याशी सरळ मराठीत बोलत आणि अडलं की आखाती अरबी लावत. दुसऱ्या दिवशी तो आम्हाला सकाळी “यल्ला, यल्ला”, म्हणजे चला-चला, असं अरबीत म्हणून उठवू लागला. सूर्याला सात वळसे हे बोटांनी दाखवल्यावर तो इतका हसला की थोरल्यांनी नाइलाजाने सातावरून एकावर तह केला. पण दिशेवर तह नाही! वाटाड्या सांगत होता, वारा बघून डावीकडून जाऊ. थोरले छातीवर उजवा हात आपटून आपटून त्याला देव दाखवत होते. पहिल्या दिवशी चंद्राचं बेट बिनबोभाट झालं. मग दुसऱ्या दिवशी सूर्याचं बेट उजव्या हाताला ठेवून उत्तरेकडे. पाणी निळंशार होतं म्हणतात. मला पुढच्या सीटवरून फक्त माझं वल्हं दिसत होतं, आणि मागून “धाकटे, लय सांभाळा” ऐकू येत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेचं टोक वळलो आणि समोरून वारा आला. त्याआधीच रात्रभर माझं डोकं फुटत होतं. आता श्वासच पुरेना. दहा हात मारावे आणि होडी जागच्या जागी. ओठ निळे पडले होते, असं थोरल्यांनी नंतर सांगितलं. मी वल्हं मांडीवर ठेवलं आणि म्हणालो, “थोरले, मला नाही होत.” वाटाड्याने आपली होडी जवळ आणली, माझ्याकडे पाहिलं आणि मागे बोट दाखवलं. मागे टोकाच्या आडोशाला पाणी शांत होतं. मी मान खाली घालून ‘अर्धवट’ची वाट बघत बसलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती शिवी मला खरी वाटणार होती.

थोरले बराच वेळ पुढच्या किनाऱ्याकडे बघत होते. मग म्हणाले, “ते बघितलंत का?”

“काय?”

“पाणी. खडकातून झरा तळ्यात पडतोय.”

“मग?”

“मग काय? पन्हळ आहे ती. पिंडीची पन्हळ कधी ओलांडतात का? इथूनच मागे फिरायचं. शंकराची प्रदक्षिणा अर्धी म्हणजेच पूर्ण.”

“अहो, पण हा सूर्य ना?”

“कोण म्हणतं? ते मासिकवाले? त्यांना काय कळतंय! वल्हं आत घ्या.”

त्यांनी होडी फिरवली. वाटाड्याने विचारलं, “खलास?” “खलास,” थोरले म्हणाले. आणि पुढचे दोन दिवस, पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाने, मला सामानासारखं पुढे ठेवून, एकट्याने होडी मारली. लय मात्र स्वतःशी मोजत होते.

दोह्याला परतलो तेव्हा ताईंनी मला डबाभर बेसनाचे लाडू पाठवले. थोरल्यांनी घरी सांगितलं होतं, “मला दम लागला. धाकटे होते म्हणून निभावलं.” मी ते लाडू खाल्ले. खरं सांगायचं धैर्य मला झालं नाही.

नंतर ते रिटायर होऊन नाशिकला गेले. त्यांच्या गुडघ्यांचं आता काही खरं नाही; देवळातसुद्धा जागेवरच स्वतःभोवती फिरतात, असं ताई सांगतात. जाताना टाकी माझ्या गळ्यात मारून गेले. परवा त्या कॉफीच्या जगाला वळसा घालताना मला त्यांची फार आठवण आली. गाडी बाजूला घेतली आणि फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणालो, “थोरले, त्या तळ्यावर मी तुमची प्रदक्षिणा मोडली.”

“मोडली कसली? शास्त्राप्रमाणे पूर्ण झाली ती.” मग हळूच म्हणाले, “पण धाकटे, तो सूर्यच होता हो.”

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “मग सात राहिल्या की.”

“साडेसहा,” थोरले म्हणाले.