शह द्यायचा नाही

माझी मुलगी माझ्यापासून काहीतरी लपवत होती आणि मी त्या दिवसांत उंट कुठे बसवायचा ते शिकत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या म्हणून सांगते, नाहीतर बावन्नाव्या वर्षी बुद्धिबळाच्या मागे लागलेल्या बाईची हकिगत कुणी कशाला वाचावी?

तसं बुद्धिबळ मला लहानपणापासून येत होतं. गिरण्यांचा संप लागला, वडील घरी बसले आणि दिवसभर करायचं काय म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचा पट आणून मला समोर बसवलं. त्यांची शिकवण एवढीच, की शह मिळतोय ना, मग दे. समोरचा बिचकतो. शिवाय एक नियम होता, तो आमच्या चाळीत सगळेच पाळायचे. समोरच्याच्या वजिरावर मारा आला की गप्प बसायचं नाही, तोंडाने सांगायचं. वडील पटावर बोट ठेवून म्हणायचे, "वजीर सांभाळ गो." न सांगता वजीर मारणं त्यांना खिसा कापण्यासारखं वाटायचं. मला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की जगात सगळीकडे असंच खेळतात अशी माझी समजूत होती.

आता मी आणि मुलगी पार्ल्यात राहतो. तिचे बाबा ती अकरावीत असताना गेले. मी साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये तयार झालेले सुटे भाग मोजते. माप बरोबर असेल तर पुढे, नसेल तर लाल ट्रेमध्ये. चूक शोधण्याचा पगार घेणारी बाई घरी येऊन वेगळं काय करणार? मुलगी अंधेरीला नोकरीला लागल्यापासून मी रोज तिलाही मोजत होते. पोचलीस का, निघालीस का, आवाज असा का, कुणी काही बोललं का. ती "आई, यार!" म्हणायची.

जानेवारीत आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी मला गाठलं. काका ट्रॉम्बेला अणुसंशोधनात होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दर रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये ते आणि आणखी तिघं बुद्धिबळ खेळायचे, आणि मे महिन्यात उपनगरातल्या सोसायट्यांचे चौघांच्या संघांचे सामने व्हायचे. त्यांचा चौथा गडी मुलाकडे पुण्याला राहायला गेला होता. "तुला येतं असं ऐकलंय," काका म्हणाले. मी फुशारकीने "येतं की" म्हटलं.

पहिल्या रविवारी मी वजीर आणि उंट घेऊन धावून गेले आणि काकांना लागोपाठ आठ शह दिले. प्रत्येक शहाला मी तो शब्द मोठ्याने उच्चारत होते आणि मला फार झकास वाटत होतं. काकांनी एकदा प्यादं मध्ये घातलं, एकदा घोडा, एकदा राजा एक घर बाजूला. आठ शह संपले तेव्हा त्यांची सगळी फौज बाहेर आलेली होती आणि माझे दोन्ही हत्ती आणि एक घोडा जागचे हललेही नव्हते. पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही.

"तू मला आठ वेळा सांगितलंस, की आता नीट बस," काका म्हणाले. "मी बसलो."

डाव हरला की आपली चूक कुठे झाली ते कुणी शोधायचं नाही, अशी काकांची पद्धत होती. हरणाऱ्याने फक्त आपला सगळ्यात आळशी मोहरा कोणता, तो बोटाने दाखवायचा. मला सुरुवातीला हे हास्यास्पद वाटलं. वीस वर्षं मी चुका शोधतेय, आणि हे म्हणतात चूक नको, आळशी दाखव! पण दाखवायला गेले की दर वेळी तोच निघायचा, काळ्या घरांतला उंट. माझीच प्यादी मी काळ्या घरांवर रोवून ठेवलेली असायची आणि हा त्यांच्यामागे कोंडलेला. त्याला मी स्वतःच्या हाताने कोंडलेलं असायचं.

दुसरा नियम फक्त माझ्यासाठी होता. मात होत नसेल तर शह द्यायचा नाही. दिला तर सगळ्यांचा चहा मी करायचा. पहिले पाच रविवार चहा मीच केला. हात शिवशिवायचा. समोर शह दिसतोय आणि द्यायचा नाही, म्हणजे उकळी आलेलं दूध नुसतं बघत बसण्यातला प्रकार. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसायला लागले. मला तेव्हा कळलं की मी हल्ला करायचे तो शूरपणाने नाही. काही न करता बसणं मला जमायचं नाही, म्हणून करायचे. काकांचा उंट जवळ आला की लगेच प्यादी पुढे ढकलून त्याला हुसकवायचे. उंट निवांत मागे जायचा. प्यादी मात्र मागे येत नाहीत, आणि त्यांनी सोडलेल्या घरात दहा खेळ्यांनंतर काकांचा घोडा येऊन बसायचा. तिथून त्याला उठवायला माझ्याकडे काही उरलेलं नसायचं.

याच दिवसांत, होळीच्या आसपास, मुलगी बदलली. आधी ती कधी सातला यायची, कधी साडेनऊला, आणि आल्या आल्या साहेबाचा उद्धार करायची. आता रोज बरोब्बर पावणेआठला दारात. साहेबाचं नाव नाही. जेवताना वाजणारा फोन वाजत नव्हता. काय झालं विचारलं तर "ठीक आहे." कामाचं काय चाललंय, तर "ठीक आहे." माझा जीव टांगणीला लागला. कुणी त्रास देतंय का? कुणाच्या नादी लागलीय का? तब्येत? मी तिच्या पर्समधल्या गोळ्यांची पाकिटं उलटी करून वाचली आणि ती डोकेदुखीची निघाली, तर डोकं का दुखतं म्हणून आणखी घाबरले. मी जेवढी विचारत गेले तेवढी ती आखडत गेली. शेवटी तर ताट घेऊन आतल्या खोलीत जेवायला लागली.

आणि मला वाटलं, अगं बाई, हे तर आठ शह झाले.

हा साक्षात्कार झाल्यावर मी स्वतःवर फार खूश झाले. एप्रिलपासून मी विचारणं बंद केलं. एकदम बंद. ती आली की "आलीस?" एवढंच. मग टीव्ही, भाजी, कपडे. काका म्हणायचे ते मनातल्या मनात घोकायचे: समोरच्याला काही करायला लावू नकोस, आपली जागा सुधार, वाट बघ. आतून माझी वाट लागली होती. आंघोळीला गेले की नळ सोडून तिला विचारायचे प्रश्न पुटपुटायचे आणि मग कोरड्या तोंडाने बाहेर यायचे. ती माझ्याकडे कधीकधी बघत राहायची. मी समजायचे, मार्गी लागतंय.

पटावर खरंच मार्गी लागत होतं. एका रविवारी मी सहा-सात खेळ्या खर्चून एक घोडा पटाच्या मधोमध अशा घरात नेऊन बसवला, जिथे काकांचं कुठलंच प्यादं त्याला हुसकवू शकत नव्हतं. तो कुणाला मारत नव्हता, शह देत नव्हता. नुसता होता. पण काकांना प्रत्येक खेळीला त्याच्याकडे बघावं लागत होतं. तो डाव बरोबरीत सुटला आणि चहा काकांनी केला. घरी येताना जिन्यात मला हसू फुटत होतं. घरात शिरल्यावर मुलीला सांगायला गेले तर ती पाठ करून झोपली होती, सकाळी साडेअकरा वाजता.

मेच्या शेवटच्या रविवारी मुलुंडला सामना होता. मुलगी म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर." मी "ये" म्हटलं आणि का येतेयस हे विचारायचं टाळलं, त्याचंही मला कौतुक.

समोर पांढऱ्या शर्टाचे एक गृहस्थ होते, माझ्याच वयाचे, भराभर खेळणारे. मी सावकाश खेळले. उंट कोंडला नाही. प्यादी उगाच ढकलली नाहीत. हत्ती मोकळ्या रेघेवर आणून त्याच्यापुढे उंट ठेवला आणि थांबले. तासाभराने बाकीचे तिन्ही डाव संपले होते. एक आम्ही जिंकलो, एक हरलो, एक बरोबरीत. आता सगळं माझ्या पटावर. काका, मुलगी, यजमान सोसायटीची मंडळी, सगळे भोवती उभे.

आणि त्या गृहस्थांनी वजीर माझ्या हत्तीच्या रेघेवर आणला. मध्ये फक्त माझा उंट. मी उंट तिरका मागे घेतला. त्यांना वाटलं बाई घाबरून मागे सरली. रेघ उघडी पडलीय हे त्यांनी पाहिलंच नाही आणि कडेचं एक प्यादं खायला घोड्याकडे हात नेला. घोड्याला बोट लागलं असतं तर तोच हलवावा लागला असता आणि पुढच्या खेळीला वजीर माझा. काकांनी श्वास रोखल्याचं मला मागे ऐकू आलं.

"वजीर," मी म्हणाले.

मी म्हणाले असं तरी कसं म्हणू, ते तोंडातून निघालं. त्यांचा हात हवेत थांबला. त्यांनी पट पाहिला, मला पाहिलं आणि वजीर उचलून बाजूला नेला. यजमानांपैकी कुणीतरी म्हणालं, "मॅडम, खेळताना बोलायचं नाही हं." त्यानंतर माझं पटावर लक्षच लागेना आणि पंधरा खेळ्यांत मी डाव घालवला.

काका रागावले नाहीत. त्यांनी माझ्या पटावरचे मोहरे पिशवीत भरले, पिशवीची नाडी बांधली आणि म्हणाले, "जिंकला होता गं आपण." मला धाय मोकलून रडावंसं वाटलं. चार महिने शिकवलं त्या माणसाने.

मी त्यांच्या गाडीतून आले नाही, तोंड दाखवायची लाज वाटत होती. मुलगी आणि मी रिक्षा बघायला रस्त्यावर आलो. ती एकदम हसायला लागली, कितीतरी दिवसांनी. "आई, तू त्याला का सांगितलंस?"

"निघालं तोंडातून. राहवलं नाही."

"कोण कुठला माणूस तो! त्याला सांगितलंस!" ती हसत होती आणि मग हसता हसता तिचा चेहरा वेगळाच झाला. "आणि मला दोन महिने काही विचारलं नाहीस."

मी रिक्षाला दाखवलेला हात खाली घेतला.

"आधी रोज विचारायचीस तेव्हा राग यायचा. पण मग तू एकदम बंदच केलंस. मला वाटलं तुला कळलंय. कळलंय, आणि तू माझ्याशी बोलणं टाकलंयस."

"काय कळलंय?"

"नोकरी गेली माझी. होळीच्या आधीच. बाराजणांना काढलं." तिने खाली बघत सांगितलं. रोज सकाळी ती तयार होऊन निघायची आणि अंधेरीला एका अभ्यासिकेत जाऊन बसायची. अर्ज पाठवायची. पावणेआठची वेळ साधून परत यायची. "आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. आणि तू तर बघायचीच नाहीस माझ्याकडे."

एवढी वाट बघून मी तिला काय समजावलं होतं, तर आईला तू नको आहेस. काकांची शिकवण पटावर खरी होती. तिथे समोर शत्रू असतो. इथे माझी पोर आतल्या खोलीत एकटी ताट घेऊन बसली होती आणि मी टीव्हीसमोर बसून माझी जागा सुधारत होते. मला माझाच संताप आला. विचारायचं तर शंभर होतं. का काढलं, लेखी दिलं का, पुढे काय. त्यातलं काहीच तोंडातून निघेना.

"आणि डबा?" मी विचारलं. "डबा कुठे खायचीस?"

"बाजूच्या बागेत. बाकावर."

"एकटीच?"

"हो. पण एक वाजताच खायचे." तिने डोळे पुसले. "तू पण साकीनाक्याला एक वाजताच डबा उघडतेस ना, म्हणून."