आय गोड टू कुर्ला

घाटकोपरच्या आमच्या विहारात बाई रविवारी इंग्रजी शिकवायच्या. कुणी गप्प बसलं तरी रागवायच्या नाहीत. "मूल आधी ऐकतं, मग बोलतं," म्हणायच्या. बरेच रविवार नुसतं ऐकून मी एकदा धीर केला, "यस्टर्डे आय गोड टू कुर्ला."

"गोड? लाडू खाल्लास काय गं?" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. पुन्हा इथे यायचंच नाही, असं मी ठरवलं.

बाई मात्र खुशीत आल्या. "हसताय काय रे? 'वॉक'चं 'वॉक्ड', तसं 'गो'चं 'गोड' तिने स्वतः बनवलं. भाषा रुजतेय तिच्यात!" मग माझ्याकडे वळल्या, "सो, यू वेन्ट टू कुर्ला? व्हाय?"

"आय वेन्ट टू मीट आत्या."

इंग्रजी कुणाच्या बापाची नाही, हे मी पुढे चळवळीच्या पत्रकांतून खूप लिहिलं. पटलं मात्र त्या रविवारी, बाईंमुळे.