देवमाशासमोरचा पापलेट

सकाळी सात चाळीसला पुंडलिक शिडीवर होता आणि देवमाशाच्या उघड्या तोंडासमोर रंगवलेल्या पापलेटाला चंदेरी चमक देत होता. दांडी गावच्या शाळेची भिंत लांबलचक. डाव्या टोकाला त्याने काल कुत्र्याएवढा, चार पायांचा प्राणी काढला होता. देवमाशाचा पाच कोटी वर्षांपूर्वीचा पूर्वज. मध्ये पाय आखडत गेलेले दोघे-तिघे. आणि उजवीकडे, उरलेली सगळी भिंत खाऊन, निळा देवमासा.

पापलेट हा पुंडलिकचा हातखंडा. फ्लेक्स येईपर्यंत बोईसरमधल्या निम्म्या खानावळींच्या पाट्यांवर त्याचेच पापलेट होते. आता कारखान्यांच्या टाक्यांवर आकडे घालायची कामं उरली होती. मुख्याध्यापिका दीपिका बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "ही भिंत जमली तर मागचीही तुमची. नाहीतर तिथे फ्लेक्स लावू."

समोर जवळा वाळत घालणाऱ्या सोमीने हात थांबवला. "पेंटरदादा, एवढ्या धुडाला एकच पापलेट? दाताला तरी लागंल काय?"

"दात नाहीतच त्याला," मागून बाईंचा आवाज आला. "तोंडात गाळणीसारखी झालर असते. तुझ्या जवळ्यासारखी बारीक कोळंबी खातो तो."

"जवळा? मंग उपाशी मरंल की!"

पुंडलिकलाही तेच वाटलं. पण पापलेट जाणार हे त्याला कळलं होतं.

"देवमासे इतके अजस्र झाले ते गेल्या तीसेक लाख वर्षांत," बाई म्हणाल्या. "पृथ्वी गारठली. ठरावीक ऋतूत, ठरावीक जागी समुद्रातलं खोलवरचं सकस पाणी वर यायला लागलं. तिथे कोळंबीचे दाट घोळके. एरवी मैलोन् मैल काही नाही."

"आमच्यासारखंच हाय!" सोमी म्हणाली. "जवळा लागला तर जाळं फाटंस्तवर, नाय तर पाटी रिकामी. त्याला बोट मोठीच पायजे. एका येळी भरून घ्याची, आन् लांब जायाचं तर डिझेल पन मावलं पायजे."

"त्याचं डिझेल म्हणजे अंगातली चरबी," बाई हसल्या.

पुंडलिकने पापलेटाकडे एकदा नीट पाहिलं आणि त्यावर निळा ब्रश फिरवला. "आता जवळा काढू कसा? एकेक?"

"एकेक कशाला? ढग काढ, गुलाबी. जवळा कुनाला कवा एकटा दिसलाय?" सोमी म्हणाली.

त्याने लाल रंगात पांढरा कालवला, जुना स्पंज घेतला आणि ठिपके उमटवत सुटला. दुपारपर्यंत ढग पार कुत्र्याएवढ्या पूर्वजाच्या डोक्यावरून गेला. बाई रस्ता ओलांडून लांब उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बघत होत्या.

"मागच्या भिंतीवर काय काढाल?" परत येऊन त्यांनी विचारलं.

"ते तुम्ही सांगा. पापलेट सोडून काहीही," पुंडलिक म्हणाला आणि त्याने डब्याचं झाकण ठोकून बसवलं.

उद्या सकाळी साडेसातला मागच्या भिंतीला प्रायमरचा पहिला हात आहे. तिथेही पसरलेला आपला जवळा सोमी सातच्या आत उचलणार आहे.