चेकबुक घरी ठेवून चहाला

सर्व मराठी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, अमेरिकेतल्या दुकानात एखादा अनोळखी देशी माणूस आपल्याकडे पाहून गोड हसल्यास ते हसू जागच्या जागी परत करावे. घरी नेऊ नये. नेल्यास होणाऱ्या खर्चाला हसणारा जबाबदार राहणार नाही.

हे निवेदन माझ्या नवऱ्याचं. दोन हजार चार सालच्या हिवाळ्यात मी लग्न करून शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आले आणि दुसऱ्याच दिवशी, हातात चहाचा कप घेऊन, त्याने मला ते ऐकवलं.

आपल्यातल्या काही मंडळींनी तेव्हा तिकडे एक जोडधंदा धरला होता. कुठल्याशा कंपनीचे साबण आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या ओळखीच्यांना विकायच्या, आणि त्या ओळखीच्यांनाही विक्रेते करून सोडायचं. ओळखीचे संपले की नवे मिळवायला ही माणसं दुकानादुकानांतून हिंडायची. ‘तुम्ही इंडियाचे का?’ इथून सुरुवात. मग फोन नंबर, मग घरी चहा. चहा झाला की एक पांढरा फळा निघायचा. फळ्यावर एक वर्तुळ म्हणजे तुम्ही, त्याखाली तुमची गिऱ्हाइकं, त्याखाली त्यांची. परत येताना माणूस वर्षभराच्या साबणाचा मालक झालेला असायचा.

माझी अडचण एकच होती. मला मैत्रीण हवी होती. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, गाडी चालवता येत नव्हती, आणि बाहेर गुडघाभर बर्फ. नवरा सकाळच्या ट्रेनने शिकागोला गेला की संध्याकाळपर्यंत मी मराठीत फक्त कुकरशी बोलायचे. कुकर निदान उत्तर द्यायचा.

आणि मैत्रीण होऊ शकेल अशी एकही बाई नवऱ्याच्या परीक्षेत पास होईना. लायब्ररीत एक तमिळ बाई भेटली. तिने माझ्या स्वेटरचं कौतुक केलं. “स्वेटरवरून सुरुवात करतात,” नवरा म्हणाला. कपडे धुवायच्या खोलीत एक गुजराती मुलगी भेटली, तिने मला सुटी नाणी दिली. “आधी उपकार करतात,” नवरा म्हणाला. त्याचा या विषयातला अभ्यास पाहून मी थक्क व्हायचे. कुठला प्रश्न कितवा येतो, कुठल्या वाक्यानंतर कॉफी विचारतात, सगळं त्याला पाठ. मला वाटायचं, किती सावध माणूस मिळाला मला!

मग एका शनिवारी दुकानात, दह्याच्या डब्यांसमोर, माझ्या मागून खणखणीत मराठीत प्रश्न आला. “अहो, हे दही लागतं का हो नीट? माझं तर नुसतं ओघळतं.”

मी वळले. माझ्याच वयाची बाई, डोक्यावर लाल लोकरी टोपी, हातात दह्याचा डबा. दहा मिनिटं आम्ही विरजणावर बोललो. डबा ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवायचा, हे मी तिला सांगितलं. जाताना तिने नंबर मागितला, मी दिला. नवरा तिकडून गाडा ढकलत येईपर्यंत काम उरकलं होतं.

“दही हा नुसता बहाणा आहे,” गाडीत बसल्यावर तो म्हणाला.

“अरे, तिचं दही खरंच लागत नाही.”

“सगळ्यांचंच लागत नाही. म्हणून तर विचारतात.”

तिचा फोन आला तो पुढच्या शुक्रवारी. रविवारी चहाला या, मिसळ करते. आणि मिस्टरांनाही आणा, नक्की आणा.

“दोघांना बोलावलंय ना? मग संपलंच,” नवऱ्याने कपाळाला हात लावला. “नवराबायको दोघंही समोर असल्याशिवाय ते प्लॅन दाखवतच नाहीत. नाहीतर एक हो म्हणतो आणि दुसरा घरी जाऊन कॅन्सल करतो.”

तरीही जायचं ठरलं, कारण मी दोन दिवस जेवताना बोलले नाही. मात्र अटी पडल्या. चेकबुक घरी. क्रेडिट कार्डं घरी. कुठल्याही कागदावर सही नाही, आणि पुढच्या पाच वर्षांबद्दल कुणी विचारलंच तर मी खोकायचं. मी आरशासमोर दोनतीन प्रकारचे खोकले करून पाहिले. त्यातला एक फारच छान जमला होता.

त्यांचं घर आमच्यापासून दहा मिनिटांवर. दार उघडलं, आणि समोरच्या भिंतीवर पांढरा फळा! नवऱ्याने माझ्या कोपराला चिमटा काढला. फळ्यावर ‘कांदे, फरसाण, पाव’ एवढंच लिहिलं होतं. पण फळा पुसता येतो, हे त्याच्या डोळ्यांत मला स्पष्ट वाचता आलं.

टोपीवाली बाई आनंदाने पुढे आली. तिचा नवरा मात्र सोफ्यावरून उठला तो जरा बेतानेच. मिसळ झणझणीत होती. यजमान माझ्या नवऱ्याकडे पाहायचे. माझा नवरा फळ्याकडे पाहायचा. मी खोकला तयार ठेवून पाव खात होते.

चहा आला. यजमानांनी कप खाली ठेवला. “थोडं स्पष्ट बोलायचं होतं.”

माझा नवरा ताडकन उभा राहिला. “माफ करा, पण आम्ही इंटरेस्टेड नाही! आम्हाला साबण नकोत, गोळ्या नकोत, फायनान्शियल फ्रीडमही नको. चेकबुक आम्ही आणलेलंच नाही!”

यजमान सावकाश म्हणाले, “अहो, नेमकं हेच मी तुम्हाला सांगणार होतो.”

“म्हणजे?”

“शॉमबर्गचा मॉल. बुटांचं दुकान. तीन वर्षांपूर्वी. मी एक पाय बुटात घालून बसलो होतो आणि तुम्ही येऊन विचारलंत, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?”

खोकायचं राहूनच गेलं माझं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो हळूहळू खाली बसला.

“चारच महिने केलं यार,” तो पुटपुटला. “रूममेटने ओढलं होतं.”

“मला नऊ वेळा फोन केलात,” यजमान म्हणाले. “शेवटी मी नंबर बदलला. त्या दिवशी दुकानात बिलाच्या रांगेतून तुम्हाला पाहिलं आणि हिला म्हटलं, बघ, आता बायकोलाही कामाला लावलंय.”

म्हणजे विरजणावरची माझी ती दहा मिनिटं या घरात आठवडाभर संशयाखाली होती. माझी ती ओव्हनमधल्या दिव्याची युक्तीसुद्धा! मला एकाच वेळी नवऱ्याचा गळा धरावासा वाटत होता आणि रडू येत होतं. मिळाली म्हणेपर्यंत मैत्रीण गेली, आता पर्स उचलावी आणि निघावं, एवढंच डोक्यात होतं. तरी उठता उठता विचारलंच, “मग आम्हाला बोलावलंत तरी कशाला?”

“मी नकोच म्हणत होतो,” यजमान म्हणाले. “पण ही...”

ही चहाचा रिकामा ट्रे हातात घेऊन उभी होती. तिने तो आदळलाच टेबलावर.

“अहो, विकू देत त्यांना काय विकायचंय ते, मी घेते दोन डबे गोळ्यांचे, पण मला कुणीतरी मराठी बोलायला हवंय!”