वरकुट्याच्या बारवेतली पहिली ओटी

प्रिय रेवा आणि अमेय,

निवृत्त झाल्यापासून मी इतिहासातल्या कर्तबगार बायकांच्या जागा पाहत हिंडते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. राण्यांचे किल्ले झाले, समाध्या झाल्या. या वेळी मी राज्य नसलेली बाई निवडली! सगुणाबाई ही मेंढरं राखणारी विधवा. दुष्काळात तिने आपला कळप विकला आणि इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याला बारव (पायऱ्यांची विहीर) बांधली. हे ऐकलं आणि मी पहाटेच स्वारगेट गाठलं.

कऱ्हाटीपर्यंत उजाड माळ, पुढे बारामतीकडे ऊसच ऊस. बारामतीला चहा घेईतो इंदापूरची एसटी माझ्या डोळ्यांदेखत सुटली. मग दुधाच्या जीपमध्ये, रिकाम्या कॅनना धरून बसले.

"बारव बघाया एवढ्या लांबनं?" जीपवाले तात्या म्हणाले. "मग बेस दिवशी आलाय. आज ओटी हाय."

बारव पाहून मी हरखलेच. काळ्या दगडाच्या कमानी, उतरत जाणाऱ्या पायऱ्या, तळाशी हिरवं पाणी! काठावर ओटीची ताटं घेऊन बायका उभ्या होत्या, पण खाली कुणीच उतरत नव्हतं. ओटी म्हणजे सवाष्णींचं काम, म्हणून मी आपली लिंबाखाली बाजूला थांबले.

वरच्या पायरीवर गुडघा बांधून बसलेल्या म्हाताऱ्या कोंडाबाईंनी मला हाक मारली.

"ओ बाई, मालक हायती का तुमचं?"

"नाहीत. वारले."

"मग तितं काय करताय? हितं तुमच्यावाचून अडलंय!"

सगळ्या हसल्या. मला काही कळेना. मग कोंडाबाईंनी सांगितलं, सगुणाबाई रांडव होती, म्हणून तिची पहिली ओटी नवरा नसलेल्या बाईनेच भरायची. "दरसाल मीच उतरायची. यंदा गुडघा न्हाय म्हणतोय. ही लता हाय, तिचाबी मालक गेलाय, पर सासूला भितीय. ऊन डोक्यावर आलं की यंदाची ओटी चुकली बघा."

लता विशीतली, पदर घट्ट ओढून उभी. शेजारी सासू, तोंड फिरवून.

मी ताट उचललं. खण, नारळ, तांदूळ. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या.

"पुण्याच्या बाई, जपून! पडला तर वर काढायला बैल लागत्याल!" कुणीतरी ओरडलं.

चौथ्याच पायरीवर पाय सरकला. कुणीतरी माझा दंड घट्ट पकडला. पाहते तो लता! तळाच्या कोनाड्यात सगुणाबाईची शिळा आहे. तिची ओटी आम्ही दोघींनी मिळून भरली, आणि वर एकच गलका उठला.

"म्होरल्या साली मी एकली उतरीन," लता हळूच म्हणाली.

वर आल्यावर कोंडाबाईंनी आम्हा दोघींना कुंकू लावलं. ती तिथली रीतच. सासू पुढे झाली. मला वाटलं, आता बोलणार. तिने फक्त लताच्या नाकावर सांडलेलं कुंकू पदराने टिपलं. मग बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. दोन भाकऱ्या खाल्ल्या मी!

राण्यांच्या किल्ल्यांत मी नेहमी मान वर करून हिंडले. सगुणाबाईने मला हाताला धरून खाली उतरवलं, असंच मला परतताना वाटत राहिलं.

घरी आले तेव्हा शेजारच्या सुलूताई जिन्यातच भेटल्या. माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे त्या बघतच राहिल्या. त्यांचे यजमान गेल्या वर्षी गेले.

"आत या," मी म्हटलं, "सगळं सांगते. आणि पुढच्या वर्षी बरोबर चला."

तुमची,
आजी