टेडीनगर ते पालम, फलाट क्रमांक तीन

सदर इसमाचे नाव दत्तराव लिंबाजी खंदारे असून ते गंगाखेड येथील रहिवासी व तेथील बसस्थानकाचे सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक आहेत. उंची बेताची, बांधा किरकोळ, ओळखीची खूण उजव्या कानामागे पेन. संपूर्ण सेवाकाळात त्यांनी चुकीची उद्घोषणा केल्याची अथवा त्यांच्यामुळे एखादी गाडी उशिरा सुटल्याची नोंद आढळून येत नाही. निवृत्तीच्या दिनांकापासून त्यांच्या ताब्यात कोणताही फलाट अथवा ध्वनिक्षेपक राहिलेला नसून त्याबाबत त्यांची काहीएक तक्रार नाही.

यातलं शेवटचं वाक्य तेवढं खोटं आहे. तक्रार होती. ती करायला माईक नव्हता.

दत्तरावांची सगळी जंगम मालमत्ता म्हणजे त्यांचा आवाज. नोकरीत ते जाळीच्या खिडकीआड बसत, त्यामुळे तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी त्यांना ऐकलं होतं आणि फार थोड्यांनी पाहिलं होतं. ‘प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे’ हे वाक्य ते असं म्हणत, की ज्यांना कुठंच जायचं नाही तेही लक्ष देत. निवृत्तीनंतर हा शिरस्ता त्यांनी घरीही चालू ठेवला. जेवणं झाली की ‘ताटे उचलून घ्यावीत’, पाहुणे उठले की ‘आपले सामान तपासून पाहावे’. कुसुमबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आठवडाभर ऐकून घेतलं आणि मग लाटणं खाली ठेवून आदेश काढला.

“हे घर हाय, स्टँड न्हाई. हळू बोला, न्हाईतर बोलूच नका.”

दत्तरावांना हळू बोलता येत नव्हतं. त्यांनी दुसरा पर्याय स्वीकारला आणि पेपर वाचायला घेतला.

ही परिस्थिती कायम असताना मे महिन्यात पुण्याहून त्यांची सून नीलम दोन लेकरं घेऊन आली. पिंकी सात वर्षांची, धम्मदीप चारचा. मुलगा सिद्धोधन याला कंपनीनं सुट्टी दिली नव्हती. तो बुद्धपौर्णिमेला येणार, सण सगळ्यांनी मिळून करायचा आणि मग परतायचं, असं ठरलं होतं. दत्तरावांनी नातवंडांची वर्षभर वाट पाहिली होती. ती आल्यावर त्यांच्याशी काय बोलायचं, याचा मात्र विचार राहून गेला होता.

“आजोबा, तुम्ही काय करता?” पिंकीनं पहिल्याच दिवशी विचारलं.

“मी रिटायर हाय.”

“म्हणजे काय करता?”

दत्तरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. “पेपर वाचतो.”

पिंकीनं मोबाईल हातात घेतला. मुलाखत संपली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी नीलमनं चहाचा कप पुढं ठेवला आणि तिथंच उभी राहिली. सासऱ्याला ती मामा म्हणायची.

“मामा, राग मानू नका. पोरं कंटाळलीत. दिवसभर बाहेर ऊन, घरात करमत नाही त्यांना. उद्याचा दिवस बघते, नाहीतर परवाच्या गाडीची तिकिटं काढते. पौर्णिमेला हे एकटेच येतील.”

दत्तरावांनी मान हलवली. आतून कुसुमबाईंचा आवाज आला. त्यांच्यासाठी कोणी हळू बोलायचा आदेश काढलेला नव्हता.

“जलमभर गाड्या सोडल्या, आन आता दोन लेकरं थांबवता येईनात!”

हे दत्तरावांना लागलं. रात्री त्यांनी पेपर पुन्हा उघडला आणि सकाळी त्यातून पडलेलं रंगीत पत्रक शोधून काढलं. परभणीत जिंतूर रोडवर, ट्रॅक्टरच्या शोरूमच्या वरच्या मजल्यावर, ‘टेडीनगर’ नावाचं खेळण्यांचं विश्व उघडलं होतं. बॉल पूल, घसरगुंड्या, माणसाएवढे ठोकळे, झुकझुक गाडी, संपूर्ण वातानुकूलित. दत्तरावांनी ते पत्रक सुनेच्या हातात दिलं आणि हळू आवाजात म्हणाले, “सकाळी जाऊ.” शेजारच्या घरातला दिवा लागला.

सकाळच्या बसनं चौघं परभणीला गेले. कुसुमबाई आल्या नाहीत. मोठ्या माणसानं खेळायला जायचं, हे त्यांना पटलेलं नव्हतं.

टेडीनगरच्या दारात बैलगाडीएवढं अस्वल बसवलेलं होतं. त्याला बघून धम्मदीप आजोबांच्या पायाला चिकटला, आणि दत्तरावांना सहलीचा पहिला फायदा झाला. आत जायचा नियम असा होता की पायात मोजे पाहिजेत, लेकरांच्याही आणि सोबतच्या थोरांच्याही. दत्तरावांनी उभ्या आयुष्यात चपलेशिवाय पायात काही घातलं नव्हतं. काउंटरवरच्या राजेश्री नावाच्या मुलीनं त्यांना जे मोजे दिले त्यांच्या तळव्याला रबरी ठिपके होते आणि वरच्या बाजूला हसरं अस्वल. दत्तरावांनी ते घातले आणि खाली बघणं बंद केलं.

मग पिंकीच्या आणि धम्मदीपच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली गेली. हिरव्या पट्टीचा अर्थ असा, की लाल पट्टीवाले बाहेर आले की तुम्ही आत जायचं. लाल पट्टीवाले काचेपलीकडं होते. बाहेर यायचा त्यांचा कसलाही इरादा दिसत नव्हता. सोबत त्यांचे आई-बाप, काका-आत्या असा सगळा गोतावळा ठोकळ्यांवर बसला होता. बाहेर उन्हानं डांबर वितळत होतं आणि आत एसी होता. शहाण्या माणसानं हललं नसतंच.

बाहेरच्या बाकावर हिरवे ताटकळले. थोड्या वेळानं पिंकीनं निकाल दिला.

“पुण्यात याच्यापेक्षा मोठं आहे. आणि तिथे लगेच आत घेतात.”

नीलमनं पर्समधून मोबाईल काढला आणि गाड्यांचं अॅप उघडलं. दत्तरावांना ते शेजारून दिसलं. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गाडी वेळेवर सुटणार याचं त्यांना वाईट वाटलं.

राजेश्रीनं माईक घेतला.

“हॅलो हॅलो, रेड बँड किड्स, युअर टाइम इज ओव्हर, प्लीज कम टू द एक्झिट.”

ती हे तोंडाला माईक चिकटवून, एका दमात, गाणं चालू असतानाच म्हणाली. आतल्या कुणी मानही वळवली नाही. तिनं पुन्हा सांगितलं. ठोकळ्यावर बसलेल्या एका गृहस्थानं चिवड्याची पुडी फोडली.

दत्तराव अस्वस्थ झाले. हा त्यांच्या खात्याचा विषय होता.

“बाई,” ते उठून काउंटरपाशी गेले, “आधी गाणं बंद करा. मग माईक चार बोटं लांब धरा. आन आधी कुठं जायचं ते सांगा. माणूस कशासाठी उठावं ते कळल्याबिगर उठत न्हाई.”

राजेश्रीचा घसा सकाळपासून बसला होता. तिनं गाणं बंद केलं आणि माईकच त्यांच्याकडं सरकवला. “काका, तुम्हीच सांगा. लाल पट्टीवाल्यांना बाहेर बोलवा फक्त.”

दत्तरावांच्या हातात माईक आला. त्यांनी तो चार बोटं लांब धरला, डोळे मिटले आणि खाकरले. लाल पट्टीवाल्यांना बाहेर बोलवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण तोंड बरीच वर्षं एकाच रस्त्यानं गेलेलं होतं. ते त्याच रस्त्याला लागलं.

“प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. परभणीहून पोखर्णी, दैठणा, गंगाखेडमार्गे पालमला जाणारी साधी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे. प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात. गाडी सुटण्याच्या मार्गावर आहे.”

मग टेडीनगर उठलं.

चिवड्याची पुडी दातात धरून तो गृहस्थ एका हातानं नात आणि दुसऱ्या हातानं पिशवी ओढत निघाला. बॉल पूलमधून दोन आत्या छातीपर्यंत चेंडू सारत किनाऱ्याला लागल्या. एक आजी घसरगुंडीवरून आली, कारण तो जवळचा रस्ता होता. आई-बाप निघालेले बघून पोरं बोंबलत मागं निघाली. दाराशी ही गर्दी झाली. “आधी उतरू द्या, आधी उतरू द्या!” असं कुणीतरी ओरडलंही. एकानं तर दारातून हात लांब करून बाहेरच्या बाकावर रुमाल टाकला आणि जागा धरली.

बाकावर बसलेले हिरवे पट्टीवालेही उठून चपला शोधू लागले.

“काका!” राजेश्री किंचाळली. “हिरवे पण निघाले!”

दत्तरावांनी डोळे उघडले. आपण काय बोललो ते त्यांना कळलं आणि त्यांचा चेहरा पडला. कोरी नोंदवही अशी अस्वलाच्या मोज्यांत उभ्या-उभ्या खराब झाली होती. त्यांनी माईक पुन्हा वर केला. यावेळी डोळे उघडे ठेवले.

“प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. पालमला जाणारी गाडी काही अपरिहार्य कारणास्तव रद्द करण्यात आलेली आहे. हिरव्या पट्टीच्या प्रवाशांनी आत जावे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.”

“घ्या! ऐन टायमाला!” दोन आत्यांपैकी थोरली म्हणाली. “आन पुढची कधी हाय?”

ती असं विचारून गेली, मग तिनं इकडंतिकडं बघितलं. समोर अस्वल होतं. “अगं बाई,” ती धाकटीला म्हणाली, “आपण तर रिक्षानं आलाव की!” दोघी तिथंच फरशीवर बसून हसायला लागल्या, आणि ते हसणं दारातल्या गर्दीत मागपर्यंत गेलं.

चिवडेवाला गृहस्थ मात्र काउंटरकडं आला. तो पालमकडचा किशनराव. नातीला घेऊन आला होता.

“गंगाखेडचे कंट्रोलर साहेब का तुमी?”

“हो. रिटायर हाय.”

“आवाज वळखला. लय वर्सं तुमच्या आवाजावर चढलाव-उतरलाव आमी. तोंड आज बघायलोय.” त्यानं दत्तरावांना वरपासून मोज्यांपर्यंत न्याहाळलं. “आवाजावरून उंच वाटायचात.”

दत्तरावांनी हे प्रशस्तिपत्र म्हणून घेतलं.

खाली कुणीतरी त्यांची पँट ओढत होतं. धम्मदीप होता. अस्वलाकडं त्याची पाठ होती, म्हणजे तो ते विसरला होता.

“आजोबा, परत करा.”

“आता आत जाऊन खेळ, बाळा.”

“नाही. आधी परत करा.”

पिंकी दोन पावलं मागं उभी होती. चार दिवसांत तिनं आजोबांकडं इतकं नीट बघितलं नव्हतं. “आजोबा, तुम्ही म्हणाला होतात पेपर वाचता.”

“आता वाचतो. आधी गाड्या सोडायचो.”

“मग सांगायचं ना!”

कुणी विचारल्याशिवाय चौकशी खिडकी बोलत नाही, हे सातव्या वर्षी समजायला अवघड असतं.

त्यानंतर टेडीनगरची झुकझुक गाडी उद्घोषणा झाल्याशिवाय सुटली नाही. धम्मदीप ड्रायव्हरच्या जागेवर बसला आणि सुटण्याचा हुकूम येईपर्यंत कळ दाबू देईना. पिंकी मागच्या डब्यात कंडक्टर म्हणून उभी राहिली आणि “पुढे सरका, पुढे सरका” म्हणत मागचे-पुढचे रिकामे डबे तपासू लागली. दत्तराव मोठ्या ठोकळ्यांच्या वळणाला गंगाखेड म्हणाले, बॉल पूलला गोदावरी म्हणाले आणि घसरगुंडीला पूर्णा जंक्शन. भूगोल जुळत नव्हता, पण प्रवाशांनी हरकत घेतली नाही. दुसऱ्या फेरीपासून अनोळखी पोरंही डब्यांत चढली. राजेश्रीनं पुन्हा आत घेतलेली किशनरावाची नात पालमला उतरायला तयार नव्हती, कारण तिला तिथूनच आणलं होतं.

नीलम काचेबाहेर होती. हातात मोबाईल तसाच उघडा. पिंकी मध्येच धावत आली, घामानं चिंब.

“मम्मी, आपण उद्या जायचं नाही.”

“का गं? कंटाळा आलाय ना?”

“उद्या आजोबांच्या घरी स्टँड करायचा आहे. कॉटची बस. मी कंडक्टर. धम्मू ड्रायव्हर. तू पॅसेंजर हो. पण तिकीट काढावं लागेल.”

नीलमनं काचेतून आत बघितलं. तिचे सासरे, ज्यांच्याकडून तिला लग्नापासून आजवर ‘बसा’ आणि ‘बरं हाय’ यापलीकडं फारसं ऐकायला मिळालं नव्हतं, माईकसमोर डोळे मिटून दैठण्याला थांबा देत होते. तिनं अॅप बंद केलं आणि फोन लावला. “अहो, तुम्ही पौर्णिमेला याच. आम्ही इथंच आहोत. नाही, नाही, सगळं ठीक आहे. मामा बोलायलेत.” पलीकडून सिद्धोधननं काय विचारलं ते ऐकू आलं नाही. ती म्हणाली, “लय.”

घरी परतल्यावर प्रश्न कुसुमबाईंचा होता. पोरांनी उद्याच्या तयारीला ओसरीतली बाज मधोमध ओढली, तिच्या पुढं परात उभी करून स्टिअरिंग केलं आणि आजोबांच्या हातात लाटणं दिलं, माईक म्हणून. कुसुमबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. लाटणं त्यांचंच होतं.

“आता काय म्हणावं ह्या माणसाला! हे घर हाय का...”

“आजी, दारात उभं राहू नका, दार बंद होत नाही,” कंडक्टर म्हणाली. “तिकीट कुठलं?”

कुसुमबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं लाटणं चार बोटं लांब धरलेलं होतं आणि परवानगीची वाट बघत होता. कुसुमबाईंचं माहेर पालमकडचं.

“पालम द्या,” त्या म्हणाल्या. “आन खिडकीजवळ बसन मी. मला मळमळतंय गाडीत.”

दुसऱ्या दिवशी, ज्या वेळेला पुण्याची गाडी धरायची होती त्याच सुमारास, पालमला जाणारी पहिली साधी गाडी ओसरीतल्या फलाट क्रमांक तीनवरून सुटायची होती. उद्घोषणा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली आणि अचूक होती. नीलम व कुसुमबाई जागा धरून बसल्या होत्या, शेजारची एक म्हातारी पिशवीसकट आली होती, कंडक्टरनं घंटी दोनदा वाजवली होती.

सदर गाडी उशिरा सुटली. ड्रायव्हर शी करायला बसला होता.